बाबांच्या मिळकतीतलं बक्षीस

माझ्या भावाने ज्या दिवशी आईचं राहतं घर आपल्या नावावर करून घेतलं, त्या दिवशी त्याने तिला पाव किलो पेढे आणून दिले. तेही कंदी नव्हेत, साधे. घर गिळायचंच होतं, तर निदान अर्धा किलो तरी आणायचे.

मला हे कळलं ते आईच्याच फोनवरून. दुपारची वेळ होती, मी सांगलीत माझ्या कार्यालयात होते.

"तिशा, काम झालं बघ," आई म्हणाली. "बाबांच्या नावानं शाळेत बक्षीस ठेवलं. चित्रकलेला. अभिनं सगळी धावपळ केली. आत्ताच सरकारी ऑफिसात जाऊन बक्षीसपत्र करून आलो. तुमची ती पट्टीसुद्धा लावली डोक्याला. तिथली बाई म्हणाली, आजी, एवढी हिरवीगार रेघ मी कुणाची बघितली नाही."

"बक्षीसपत्र?" मी विचारलं.

"होय की. बाबांच्या मिळकतीतून द्यायचं."

मी दुय्यम निबंधक कार्यालयात नोकरी करते. घरांचे, जमिनींचे दस्त जिथे नोंदतात, ते कार्यालय. आमच्याकडे बक्षीसपत्र म्हणजे कसलाही मोबदला न घेता आपली मालमत्ता कायमची दुसऱ्याला देऊन टाकणं. आणि मिळकत म्हणजे घर, जमीन. आईच्या शब्दकोशात बक्षीस म्हणजे शाळेत मिळतं ते, आणि मिळकत म्हणजे बाबांनी चित्रकलेचे मास्तर म्हणून तीस वर्षं कमावलं ते. जयसिंगपुरात त्यांना सगळे मगदूम सर म्हणायचे. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती आणि त्यांच्या नावाने बक्षीस ठेवायचं हे आईचं आठ वर्षांचं स्वप्न होतं.

मी संगणकावर दस्त शोधला. देणार, हेमलता मगदूम, वय चौऱ्याहत्तर. घेणार, अभिनंदन मगदूम. गल्ली नंबर अकरा, घर, मागचं अंगण, पपईच्या झाडासकट सगळं. खाली हिरवा शिक्का होता. संमती निर्विवाद.

त्या शिक्क्यावर माझं पोट भरतं, म्हणून त्याबद्दल थोडं सांगायला हवं.

माणसाच्या मेंदूला शब्दांची एक सवय असते. 'मी चहात साखर घातली' हे वाक्य ऐकलं, तर मेंदू शांत असतो. 'मी चहात चप्पल घातली' असं ऐकलं, की 'चप्पल' शब्दानंतर सेकंदाच्या साधारण चार दशांश भागात मेंदूत विजेची एक बारीक लहर उमटते. अर्थ जुळला नाही, असं ती लहर सांगते. हा शोध विसाव्या शतकातला. पण तेव्हा डोक्याला चिकट मलम फासून, शंभर वाक्यं ऐकवून, सरासरी काढावी लागायची. आता कोरड्या कपड्याची पट्टी कपाळावर बांधली की एकाच वाक्यात लहर पकडता येते. जोडीला घाम आणि नाडी मोजून भीतीही कळते.

तीन वर्षांपूर्वी नियम झाला. सत्तरीपुढच्या कुणीही मालमत्ता दिली, तर ही पट्टी बांधून प्रश्न विचारायचे. भीती दिसली, तर लाल. शब्द कळला नाही, तर लाल. लोक तिला राजीपट्टी म्हणू लागले. मी पट्टी चालवते. धमकावून आणलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांची घरं मी स्वतः वाचवलेली आहेत, आणि त्याचा मला ताठाही होता.

माणसाला शब्द कळला की नाही, ते पट्टीला समजतं. कोणता अर्थ कळला, ते समजत नाही.

"आपण हे बक्षीसपत्र राजीखुशीने देत आहात का?" आईने हसत हो म्हटलं असणार. "मिळकतीचा तपशील समजला का?" समजला. "कुणी दबाव आणला का?" छे. एकही शब्द तिच्या मेंदूला बोचला नाही. अभिदादाने तिला घाबरवलं नाही, हात पिरगाळला नाही. त्याने तिला आनंदात ठेवून तिचा केसाने गळा कापला.

आणि प्रश्न त्याला कुठून मिळाले? माझ्याकडून. दिवाळीत जेवताना त्याने सहज विचारलं होतं, "काय काय विचारता गं तुम्ही म्हाताऱ्यांना?" मी फुशारकीने आख्खी प्रश्नावली त्याच्या फोनवर पाठवली होती. त्यात 'घर' हा शब्द कुठेच नव्हता.

*

अभिदादाचं फरशांचं दुकान आहे. मी संध्याकाळी गेले, तेव्हा तो कुणाच्या तरी व्हिजिटिंग कार्डाच्या कोपऱ्याने दात कोरत बसला होता.

"आलीस होय? चहा सांगू?"

"दादा, आईला तू काय सांगून नेलंस?"

"बक्षीसपत्र करायचं म्हणून सांगितलं. त्यात खोटं काय?"

"ती शाळेतलं बक्षीस समजली."

"आता ती काय समजली, त्याला मी काय करू? शब्द मी काढलाय काय? सरकारचा शब्द आहे." त्याने कार्डाचं टोक बघितलं, फुंकलं आणि पुन्हा तोंडात घातलं. "आणि हे बघ, ती खूश होती का नव्हती? तुझंच यंत्र म्हणतंय, खूश होती. मग विषय संपला."

घर पाडून तिथे चार मजले उठणार होते. बिल्डरशी बोलणं झालं होतं. आईसाठी हायवेजवळच्या ज्येष्ठ निवासात खोली बघितली होती, खिडकीतून डोंगर दिसतो म्हणे. हे सगळं तो इतक्या मायेने सांगत होता की मला शिसारी आली. रागावता तरी आलं असतं, तो ओरडला असता तर.

"तुला काय मी परकी समजतो का?" तो म्हणाला. "एक फ्लॅट तुझ्या नावावर करतो की. तुझी वहिनीपण तेच म्हणाली."

लपवून काय करू? क्षणभर माझ्या मनात आलं, कितव्या मजल्यावरचा? तेवढा एक क्षण. पण आला. दुकानाबाहेर येऊन मी गटारीशेजारी उभी राहिले आणि तोंडात साचलेली थुंकी थुंकले. ती त्याच्या नावाने थुंकले की माझ्या, ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

*

ॲडव्होकेट वृषाली कांबळे माझ्या वर्गातली. तिने मला तीन वाटा सांगितल्या.

"पोलिसांत फसवणुकीची तक्रार करता येते. पण तक्रार आईनं करायची. 'माझ्या मुलानं मला फसवलं' असं ठाण्यात बसून तिनं सांगायचं. सांगेल?"

मी मान हलवली. आपलेच दात, आपलेच ओठ. आईने अभिदादाचं नाव तक्रारीत कधीच घातलं नसतं.

"दुसरं, दिवाणी दावा. दस्त रद्द करून मागायचा. पण तोवर चार मजले उभे राहतील आणि आईचं वय ऐंशीच्या पुढं जाईल. तिसरं, ज्येष्ठ नागरिकांचं न्यायाधिकरण, म्हणजे प्रांतसाहेब. फसवून घेतलेली मालमत्ता ते परत मिळवून देऊ शकतात, काही आठवड्यांत. तिथं वकील चालत नाही, तुलाच बोलावं लागेल. आईनं अर्ज केलाच पाहिजे असंही नाही, तू कळवलंस तर ते स्वतःहून दखल घेऊ शकतात."

"मग तेच करू."

"थांब. हिरवा शिक्का आहे ना? नव्या नियमात हिरवा शिक्का हाच पुरावा. तो एकाच गोष्टीनं खोडता येतो, फेरचाचणीनं. साहेबांसमोर आईला पट्टी बांधायची आणि साध्या भाषेत वाक्य ऐकवायचं, तुमचं घर आता मुलाचं झालंय. मेंदूत धक्का उमटला, तर तिला ठाऊक नव्हतं हे सिद्ध." वृषालीने पेन खाली ठेवलं. "पण तू पट्टी चालवतेस. पुढचं तुला सांगायला नको."

नकोच होतं. तो धक्का एकदाच उमटतो. वाक्य पहिल्यांदा ऐकताना. आधी कुणी सांगितलेलं असेल, तर मेंदू शांत बसतो, आणि शांत मेंदू म्हणजे पुन्हा हिरवा शिक्का.

म्हणजे आईला फसवलं गेलंय हे सिद्ध करायचं, तर सुनावणीपर्यंत तिला फसवलेलंच ठेवायला हवं होतं. आणि तिला ते कळणार होतं परक्या खोलीत, परक्या माणसांसमोर, कपाळावर पट्टी बांधून.

"किती दिवस?" मी विचारलं.

"सहा आठवडे धरून चाल."

*

त्या सहा आठवड्यांत मी दर रविवारी आईकडे गेले, आणि दर रविवारी खोटं बोलून आले.

आईला बक्षिसाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. ढाल द्यायची की करंडक? ढालीवर 'कै.' लिहायचं की नको? "नको बाई, पोरांना ते कै. बघून वाईट वाटतं," ती स्वतःच म्हणायची. तिने बाबांचे जुने ब्रश काढून धुतले होते. पहिल्या येणाऱ्या मुलीला त्यातला एक द्यायचा ठरवला होता. मी ढालीच्या तीन नक्षींमधली एक निवडून दिली. ही चांगली दिसते आई, असं म्हणाले. माझा आवाज अगदी सहज होता, आणि त्याचीच मला किळस वाटली.

तिसऱ्या रविवारी दोन माणसं टेप घेऊन अंगण मोजत होती. बिल्डरची.

"अभि म्हणाला नगरपालिकेची मोजणी आहे," आई म्हणाली. "होय का गं? तुझ्या ऑफिसात काही कळलं?"

"असेल," मी म्हटलं. "मोजणीच असेल."

दादाचं खोटं, दादाच्याच शब्दांत, माझ्या तोंडून बाहेर पडलं. त्या माणसांना आईने ताक दिलं. एकाने पपईच्या बुंध्यावर खडूने फुली मारली, आणि आईने मला विचारलं, फुली कशाला? मी म्हटलं, खूण असते त्यांची.

शेजारच्या चौगुले काकूंना बाजारात कुठून तरी कळलं होतं. त्या तरातरा घरात आल्या. "हेमलता, अगं मी काय ऐकते..." मी त्यांचा दंड धरून त्यांना परसात नेलं. सगळं सांगितलं आणि हात जोडले.

"अगं, ती तुझी आई आहे," काकू म्हणाल्या. "तिला सोडून साऱ्या गावाला ठाऊक, हे काय चांगलं आहे?"

"नाही काकू. पण घर जाईल."

"घर राहील गं. बाकीचं काय राहील ते बघ." त्या गप्प राहिल्या, पण त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं.

शेवटच्या चार दिवसांत दादाला नोटीस गेली. फेरचाचणी म्हणजे काय, हे त्याला समजायला वेळ लागला नाही. आता उलटाच खेळ सुरू झाला. आईला खरं सांगण्यात त्याचा फायदा होता आणि लपवण्यात माझा. मी रजा काढून आईकडे राहायला गेले. तिचा फोन माझ्याकडे घेतला, बिघडलाय म्हणून सांगितलं. दादाचे अकरा फोन मी कापले. तो दारात आला, तेव्हा आई झोपलीय म्हणाले आणि कडी लावली. आई आत बाबांच्या फोटोची काच पुसत होती.

ज्येष्ठांना लुबाडणारे नातेवाईक आधी त्यांचा फोन ताब्यात घेतात, मग त्यांची माणसं तोडतात. आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात दुसऱ्याच पानावर हे लिहिलंय. मी ते इतरांना शिकवलेलं आहे.

*

"बक्षिसाच्या कागदावर एक सही राहिलीय," असं सांगून मी आईला प्रांत कार्यालयात नेलं. ती ठेवणीतली मोतिया साडी नेसली होती.

पट्टी चालवायला दुसऱ्या तालुक्यातल्या बिल्किस मुल्ला आल्या होत्या. नातेवाईक म्हणून मला यंत्राला हात लावायची परवानगी नव्हती. दादा कोपऱ्यात फोनमध्ये डोकं घालून बसला होता. आईजवळ जायला शिपायाने त्याला मनाई केली होती. आईने त्याला लांबूनच हात केला. प्रांतसाहेब वयाने तरुण, पण बोलायला मऊ होते.

"आजी, मी काही वाक्यं म्हणतो. तुम्ही फक्त ऐकायची."

"परवासारखं? होय, होय."

"आज मंगळवार आहे," साहेब म्हणाले. पडद्यावरची रेघ सपाट राहिली. "तुमचं नाव हेमलता आहे." सपाट. "तुम्ही जयसिंगपुरात राहता." सपाट. "तुमचं घर आता तुमच्या मालकीचं नाही. ते तुमच्या मुलाचं झालं आहे."

रेघ उसळली. मी रोज रेघा वाचते, मला आकडा बघावा लागत नाही, पण मी बघितला. अकरा. सहाच्या वर गेलं की ती गोष्ट माणसाला ठाऊक नव्हती, असं धरतात.

आई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तिशा, शेवटचं वाक्य चुकलंय त्यांचं. सांग की त्यांना. लिहिताना काहीतरी गडबड झालीय."

मग प्रांतसाहेब उठून तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसले आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. बक्षीसपत्र म्हणजे काय. मिळकत म्हणजे काय. तिने कुठे सही-अंगठा दिला आणि त्याने काय झालं. आई प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती, वर्गातल्या मुलीने डोलवावी तशी.

"अभि," ती शेवटी म्हणाली, "मग बाबांचं बक्षीस?"

दादाने फोनमधून डोकं वर काढलं. "ते पण करू की आई. त्याला काय लागतंय?"

माणूस इतका घाण असू शकतो, हे मला त्या वाक्यात दिसलं. चोरी पकडली गेल्याची लाज नव्हती, भीती नव्हती. एक ढाल घ्यायची राहून गेली, एवढंच त्याला वाटलं होतं. आईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

मग तिने माझ्याकडे बघितलं. "तू मला इथं सहीसाठी आणलंस."

"हो."

"सहीचं काही नव्हतंच."

"नाही."

"तुला हे ठाऊक होतं?"

बिल्किसबाई यंत्र बंद करायला विसरल्या होत्या. पट्टी अजून आईच्या कपाळावर होती.

"हो आई. पहिल्या दिवसापासून."

रेघ उसळली. बिल्किसबाईंनी घाईने पडदा दुसरीकडे वळवला, पण तोवर मी वाचलं होतं. सतरा.

*

आदेश आठवड्यात आला. बक्षीसपत्र रद्द झालं, घर पुन्हा आईच्या नावावर चढलं. दादावर फौजदारी करायची का, असं साहेबांनी आईला विचारलं. ती नको म्हणाली. बिल्डर दुसऱ्या गल्लीत गेला. वृषाली म्हणाली, "जिंकलीस बघ. असा निकाल जिल्ह्यात पहिला." मी तिला पेढे देऊ शकले नाही. दुकानापर्यंत गेले होते, पण काचेतले पेढे बघूनच परत फिरले.

ढालीचं काम आईने रद्द केलं. शाळेला तिने एकटीने पत्र लिहिलं. त्यात काय लिहिलं, ते मला सांगितलं नाही.

मी अजून दर रविवारी जाते. आई जेवू घालते, सगळं विचारते, चेहऱ्यावर काही दाखवत नाही. फक्त एक झालंय. औषधांच्या दुकानात हल्ली घरगुती राजीपट्टी मिळते, छोट्या दिव्याची. बँकेचे व्यवहार घरबसल्या करणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी काढलीय. आईने ती विकत आणून दाराजवळच्या खुंटीला लावलीय. तिच्या स्वतःच्या कपाळासाठी नाही. मी चप्पल काढली, की ती पट्टी माझ्यासमोर धरते.

"घाल," ती म्हणते. "मग काय ते बोल."

दादालाही ती हेच म्हणते. तो हसतो, पट्टी घालतो आणि तोंडाला येईल ते बोलतो. दिवा हिरवाच राहतो. राहणारच. स्वतः बोललेल्या शब्दांचा धक्का कुणाला बसत नाही, आणि भीती तर त्याला कधी वाटलीच नव्हती. ही पट्टी खोटं पकडत नाही. ती त्यासाठी बनवलेलीच नाही.

हे आईला सांगणं माझं कामच आहे. दर रविवारी मी सांगायचं ठरवून जाते. पण ती डोळे बारीक करून त्या इवल्याशा दिव्याकडे बघते, तो हिरवा दिसला की तिचे खांदे सैल होतात, आणि मग ती मला ताट वाढते. त्या दिव्याशिवाय तिच्यापाशी आता विश्वास ठेवायला दुसरं काही नाही. म्हणून मी पट्टी कपाळावर चढवते आणि या रविवारीही तिला काही सांगत नाही.